'स्क्विरल गर्ल' लहान-मोठ्या सगळ्यांना का आवडते? (आणि मराठीत तसं कॉमिक करताना)

शाईदौत:
दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी आठ पानांचं सुपरहिरो कॉमिक करायचं आहे. वाचक आठ ते बारा वर्षांचे, पण अंक घरातले सगळेच वाचणार. नमुना म्हणून मार्व्हलचं 'द अनबीटेबल स्क्विरल गर्ल' समोर ठेवलंय (लेखन रायन नॉर्थ, चित्रं एरिका हेंडरसन, सुरुवात 2015). कच्च्या आराखड्यात अडचण अशी की विनोद घातला की नायिका बावळट दिसते आणि हळवा प्रसंग आला की पान उपदेश करायला लागतं. त्यांना हे दोन्ही कसं जमतं? शिवाय मराठीत पानाला चौकटी आणि शब्द किती धरायचे?

पानपलटी:
डोरीन ग्रीनवर, म्हणजे स्क्विरल गर्लवर, कॉमिक कधीच हसत नाही, हे आधी लक्षात घ्या. तिला खारीची ताकद आहे, झुबकेदार शेपूट आहे, खारींशी बोलता येतं. सगळंच हास्यास्पद, पण ती स्वतः ते पूर्ण गंभीरपणे घेते. विनोद निर्माण होतो समोरच्याच्या गोंधळातून. नायिका बावळट वाटत असेल तर तुमचा विनोद तिच्या चुकांवर बेतलेला असणार. तो तिच्या आत्मविश्वासावर बेता.

हळवेपणाचं उत्तर त्यांच्या कथानकातच आहे. पहिल्याच अंकात क्रेव्हन हा शिकारी अंगावर येतो. ती लढते, पण अखेर त्याला पटवते की समुद्रातल्या अजस्र प्राण्यांची शिकार त्याच्या तोडीची आहे. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो तेव्हा ती चंद्रावर जाऊन त्याच्याशी बोलते. त्याला भूक लागलीय, एवढाच खरा प्रश्न. मग जिथे कोणी राहत नाही असा, दाण्याफळांनी भरलेला ग्रह त्याला शोधून दिला जातो. 'दुष्टांशीही प्रेमाने वागा' असं एकही पात्र म्हणत नाही. खलनायकाला काय हवंय ते ती विचारते आणि त्या उत्तरावरच गोष्ट सुटते. दयाळूपणा कथेचं कुलूप उघडत असेल तर उपदेशाला जागाच उरत नाही.

म्हणून चित्रं काढण्याआधी एका ओळीत लिहा: खलनायकाला काय हवंय? 'जगावर राज्य' हे उत्तर चालणार नाही, कारण ते कुणीच त्याला देऊ शकत नाही. झोप, जेवण, सोबत, हरवलेली वस्तू, असं काहीतरी द्या. आणि मारामारी काढून टाकू नका! मुलांना ती हवीच असते. आठ पानांत दीड पान पुरे.

अक्षरजुळणी:
आकड्यांबद्दल. अमेरिकेत जुना दंडक आहे: सहा चौकटींचं पान, चौकटीला जास्तीत जास्त 35 शब्द. मराठीत तो पाळलात तर पान गुदमरेल. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात. शिवाय तिथे बहुतेक अक्षरं कॅपिटल असल्याने ओळी जवळजवळ बसवता येतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. 10 पॉइंटच्या अक्षराला किमान 14 पॉइंटची ओळ द्या, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेत घुसतो.

या वयासाठी पानाला चार ते पाच चौकटी, चौकटीला 15 ते 18 शब्द, संवादाच्या एका फुग्यात दहाच्या आत. म्हणजे पूर्ण कॉमिक साधारण पाचशे ते सातशे शब्दांचं.

नेहमी बिघडतं ते असं. फुगे भरण्यासाठी अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेघ तुटते. जोर द्यायला अक्षर तिरकं केलं की देवनागरी कोलमडल्यासारखी दिसते, त्यापेक्षा ठळक करा किंवा आकार वाढवा. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. फॉन्ट युनिकोडच घ्या: संवादाला 'कलम', आरडाओरड आणि आवाजांना 'बालू' छान दिसतो, दोन्ही मोफत आहेत. सर्वांत महत्त्वाचं, पेन्सिलच्या टप्प्यावरच मजकूर टाकून बघा. रंग झाल्यावर फुगे बसवले की चेहरेच झाकले जातात.

शाईदौत:
दोघांचे आभार. त्यांच्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत लेखकाच्या टिपा असतात. तसं काही करावं का?

पानपलटी:
करा, पण दोन-तीन पानांवरच. त्या टिपांची गंमत अशी की त्या न वाचताही गोष्ट पूर्ण कळते. मूल चित्रांमागे धावतं, मोठा माणूस तळाशी रेंगाळतो आणि दोघांनाही आपापलं हसू मिळतं. कथेला लागणारी माहिती तिथे टाकलीत तर मूल अडकलंच. माहिती द्यायचीच तर चित्रात द्या. त्यांच्या एका अंकात बोटांवर द्विमान पद्धतीने (फक्त 0 आणि 1 वापरून) मोजायला शिकवलंय, एका हातावर 0 ते 31. डोरीन संगणकशास्त्र शिकते, म्हणून ते उपरं वाटत नाही.

रेघोट्या:
चित्रांबद्दल कुणी बोललंच नाही. हेंडरसनची डोरीन गोल चेहऱ्याची, दणकट बांध्याची आहे, कपडे धावता येईल असे. विनोदाचा अर्धा भार भुवया आणि शेपूट उचलतात. तुमच्या नायिकेचे सहा भाव (आनंद, राग, शंका, धसका, हट्ट, कंटाळा) एका कागदावर काढा आणि अंगठ्याएवढे लहान करून बघा. त्या आकारात ओळखू येत नाहीत ते बदला.

आणि संपादकांना आजच विचारा की कॉमिक उजव्या पानावर सुरू होणार की डाव्या. उजव्या पानावर सुरू झालं तर तुमची 2, 4, 6, 8 ही पानं उलटल्यावर दिसतात. धक्का किंवा हशा त्यांच्या पहिल्या चौकटीत ठेवा, उत्सुकता आधीच्या पानाच्या शेवटच्या चौकटीत. डाव्या पानावर सुरू झालं तर हे गणित एका पानाने सरकतं. मध्ये जाहिरात येणार असेल तर तीही आत्ताच कळू द्या, नंतर चौकटी हलवणं म्हणजे अख्खं पान पुन्हा काढणं.