गावच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी विद्यार्थ्यांनी करावी का, आणि कशी?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, चोपडा तालुका

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आमच्या गावच्या टाकीत दोन विंधन विहिरींचे पाणी येते, नळ चौथ्या दिवशी सुटतो आणि टोकाकडील वस्ती अजून हापशावरच अवलंबून आहे. गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात वर्गातील सात मुले जुलाबामुळे गैरहजर होती. त्या आठवड्यात फळ्यावर जलजन्य आजारांची यादी लिहिताना मला फार अवघडल्यासारखे झाले, कारण पाणी नेमके कुठे बिघडते हे आमच्यापैकी कोणीच कधी पाहिले नव्हते. यंदा मुलांनी स्वतः पाणी तपासावे आणि वर्षभर नोंदी ठेवाव्यात, असा माझा विचार आहे. मुलांनी केलेल्या तपासणीवर विसंबता येते का, कोणत्या चाचण्या घ्याव्यात, आणि पाणी खराब निघाल्यास ते कोणाला व कसे सांगावे?

उत्तर : निवृत्त रसायनी, जळगाव

ताई, जंतूंसाठी एच टू एस बाटली (मैल्यातील जंतू सोडतात तो हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणारी) शाळेला सर्वांत सोयीची आहे. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती ठेवायची आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळे झाले तर मैलमिश्रित पाण्याचा संशय घ्यायचा. मी मुद्दाम ‘संशय’ म्हणतो, कारण काही खोल विंधन विहिरींच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असते आणि तेथे जंतू नसतानाही बाटली काळी पडू शकते. बाटली काळी झाली नाही म्हणून पाणी निर्धोक, असेही मुलांनी लिहू नये. बाटलीला साधारण २५ ते ३७ अंश तापमान लागते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमान चाळिशीपार जाते आणि डिसेंबरच्या रात्री बरेच उतरते. म्हणून उन्हाळ्यात बाटल्यांचा डबा ओल्या गोणपाटाजवळ ठेवावा, हिवाळ्यात गोधडीत गुंडाळून ठेवावा आणि डब्यातील तापमान रोज टिपून ठेवावे.

प्रत्येक फेरीत दोन बाटल्या जास्तीच्या लावाव्यात, एक उकळून थंड केलेल्या पाण्याची आणि दुसरी गुरांच्या हौदातील पाण्याची. पहिली काळी झाली किंवा दुसरी काळी झाली नाही, तर त्या फेरीतील सगळ्या नोंदी बाजूला ठेवून चाचणी पुन्हा घ्यावी. मुलांच्या कामावर विसंबता येते का, या तुमच्या प्रश्नाचे माझ्या मते हेच उत्तर आहे. चूक पकडण्याची सोय कामातच असली, तर चौदा वर्षांच्या मुलाची नोंद मोठ्या माणसाच्या नोंदीइतकीच उपयोगी पडते.

नायट्रेट मात्र वगळू नका. केळीच्या पट्ट्यात युरियाचा वापर मोठा आहे, शिवाय उकिरडे आणि शौचालयांचे शोषखड्डे पुष्कळदा हापशाच्या जवळच असतात. भारतीय मानकानुसार (आय एस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. नायट्रेट तपासण्याच्या काही कागदी पट्ट्यांच्या रंगकार्डावर आकडा नायट्रेटचा नसून नायट्रोजनचा असतो. तेथे सुमारे १० हाच आकडा ४५ च्या बरोबरीचा होतो, म्हणून कार्ड आधी नीट वाचून घ्यावे. रंग दोन मुलांनी एकमेकांशी न बोलता वाचावा आणि दोन्ही वाचने लिहावीत. नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे दूध पाजणाऱ्या घरात ही गोष्ट आवर्जून पोहोचली पाहिजे.

उत्तर : शिक्षक, साक्री तालुका

आम्ही हा उपक्रम दोन वर्षे केला. पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती आपल्याकडून होऊ नये म्हणून लिहितो. एका हापशाची बाटली काळी झाली आणि मी उत्साहाच्या भरात तो निकाल हापशाच्या नावासह शाळेच्या फलकावर लावला. त्या वस्तीतील माणसांना आपला अपमान झाल्यासारखे वाटले, आणि त्यांचा राग ज्या दोन मुलींनी नमुना आणला होता त्यांना सोसावा लागला. मुलांना पुढे करून मी मागे राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते. दुसऱ्या वर्षी नमुना घेण्याआधीच सरपंच, ग्रामसेवक, आशाताई आणि शाळा व्यवस्थापन समितीसमोर बसून आम्ही ठरवले की निकाल प्रथम ग्रामपंचायतीला जाईल, संशयित स्रोताचा नमुना त्याच आठवड्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवला जाईल, आणि तोवर त्या वस्तीला पाणी उकळून पिण्यास आशाताई सांगतील. घरांना आम्ही नावाऐवजी क्रमांक दिले.

आणखी एक सुचवतो. केवळ स्रोत तपासू नका, घरातील माठही तपासा. नळ चार दिवसांनी येतो तेथे पाणी साठवणे भागच असते. आमच्याकडे टाकीचे पाणी चांगले असतानाही माठांच्या कितीतरी बाटल्या काळ्या झाल्या, विशेषतः जेथे पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे नव्हते. ही नोंद मुलांनी स्वतः काढलेली असल्यामुळे घरोघरी ती ऐकली गेली.

उत्तर : जलसुरक्षक, यावल तालुका

मॅडम, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणे हे माझे काम आहे. मुलांनी क्लोरीन तपासताना टाकीजवळच्या नळावर थांबू नये, शेवटच्या टोकाच्या नळावर जावे. तेथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. पावडर टाकल्यापासून निदान अर्धा तास गेल्यानंतरच पाणी सोडायचे असते, म्हणून नमुन्याची वेळ वहीत लिहावी. क्लोरीन तपासायला आम्ही वापरतो ते ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावण अपायकारक आहे, ते मुलांच्या हाती देऊ नये. शाळेसाठी डीपीडी गोळ्या बऱ्या, त्यांनी क्लोरीन असलेले पाणी गुलाबी होते. पावडरीचे पोते उघडे किंवा दमट जागी राहिले की तिचा जोर कमी होतो. मुलांच्या वहीत टोकाचा नळ सलग दोन आठवडे क्लोरीनविना दिसला, तर मला नवीन पावडर मागायला लेखी आधार मिळेल. मुलांनी माझे काम तपासले तर मला आनंदच वाटेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी आभारी आहे. आधी ग्रामपंचायतीत बैठक घेईन आणि निकालाचे पुढे काय करायचे हे लेखी ठरल्यावरच बाटल्या मागवीन. एकच शंका उरते, वापरलेल्या बाटल्यांचे काय करावे?

उत्तर : निवृत्त रसायनी, जळगाव

काळ्या झालेल्या बाटलीत जंतू वाढलेले असतात, त्यामुळे ती मुलांनी उघडू नये. आपण हातमोजे घालून तिच्यात ब्लीचिंग पावडरचे दाट द्रावण ओतावे, रात्रभर तसेच राहू द्यावे आणि सकाळी शौचालयात रिकामे करावे. ज्या बाटल्या काळ्या झाल्या नाहीत त्यांनाही हाच नियम लावावा, आणि त्यानंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.