घरी केळवण आहे, टेबलवर फुलं कशी मांडू? दुपारपर्यंत टिकली पाह्यजेत

वर्धारोडची_ताई
नमस्कार मंडळी. २२ मार्चला, पाडवा झाल्यावरच्या रविवारी, आमच्याकडे नणंदेचं केळवण आहे. बारा-तेरा माणसं, सहा खुर्च्यांचा डायनिंग टेबल अन् त्याला जोडून एक फोल्डिंगचा. एका डेकोरेटरला विचारलं तर साडेसहा हजार म्हणे, मी म्हटलं बापा एवढ्यात तर सगळ्यांचं जेवण होऊन जाते, तर आता घरीच करायचं ठरवलं आहे पण हिंमत होऊन नाही राहिली कारण मागच्या एप्रिलमधे बहिणीच्या डोहाळजेवणाला मी जरबेरा आणले होते, काचेच्या पॉटमधे गळ्यापर्यंत पाणी भरून ठेवले अन् बारा वाजता सगळ्यांच्या माना खाली. फोटोत पाहुणे हसून राहिले अन् फुलं रुसलेली.
वसंत वाटला पाह्यजे एवढीच इच्छा. काटोल रोडला आमच्या शेताकडे पळस पूर्ण फुललेला आहे, तो चालेल का? आणि तो फुलं खोचायचा हिरवा स्पंज घ्यावाच लागते का?

बर्डीवाला
ताई गळ्यापर्यंत पाणी हीच चूक. जरबेऱ्याचा दांडा लवदार अन् आतून पोकळ, खोल पाण्यात सडते तो. दोन-तीन बोटं पाणी पुरे.
फुलं शनिवारी सकाळीच आणा, सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमधून, रविवारी सकाळी आणाल तर धावपळ होईल आणि फुलांना पाणी प्यायला वेळच मिळत नाही. घरी आणल्या आणल्या दांडे तिरपे कापा, पाण्यात बुडणारी पानं सगळी काढा (झेंडू-शेवंतीची तर नक्कीच, त्यांच्या पानांचा पाण्यात फार घाण वास सुटते) आणि बादलीत टाकून बाथरूममधे अंधारात रात्रभर ठेवा. हे एवढं केलं की अर्धं काम झालं, मांडणी कशीही करा मग. पॉटच्या पाण्यात लिटरमागे चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस अन् ब्लीचचे दोन-चार थेंब. साखर फुलांसाठी, ब्लीच त्या साखरेवर वाढणाऱ्या जंतूंसाठी, म्हणून नुसती साखर टाकू नका, पाणी लवकर नासते.
काय घ्यायचं म्हणाल तर शेवंती, झेंडू, ॲस्टर. गुलाब दिसतात छान पण आपल्या उन्हात भरवसा नाही.

प्रतापनगरची_आजी
बेटा, स्पंज-बिंज काही नको आणू. घरात पितळी परात असेल ना, चिंचेनं घासून काढ, त्यात पाणी आणि वर फुलं सोड. बोगनवेल दांडीवर ठेवली की तासाभरात मलूल होते पण पाण्यावर तरंगत ठेवली तर टिकते. मधोमध पानासकट संत्री ठेव, सध्या मृग बहाराची आहेत बाजारात. नागपुरात राहून टेबलवर संत्रं नाही म्हणजे काय!
आणि वसंत पाह्यजे तर फुलांच्या मागे कशाला लागायचं? कडुलिंबाची कोवळी पालवी पाह्य ना आत्ता, तांबूस, चमकदार. पिंपळाची पण. दोन-चार डहाळ्या तांब्यात उभ्या कर, झालं. आंब्याचा मोहोर मात्र जेवणाच्या टेबलवर नको, चिकट पडतो अन् झडतो ताटात. मोगरा-निशिगंध पण दारात ठेव, टेबलवर नाही. पुरणपोळीचा वास यायला पाह्यजे का निशिगंधाचा?

हिरवळ_सेमिनरीहिल्स
आजींना +१. त्या स्पंजबद्दल, तो प्लास्टिकच आहे, चुरा होते पण कुजत नाही, कचऱ्यात तसाच राहते. त्याऐवजी पसरट भांड्याच्या तोंडावर पारदर्शक टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या चिकटवा, जाळी तयार होते, एका एका चौकटीत दांडा खोचायचा. भांडं कोरडं असतानाच चिकटवा नाहीतर चिकटत नाही. इकेबानावाल्यांची (जपानी पद्धतीची फुलांची मांडणी) ती खिळ्यांची जड चकती मिळाली तर अजून भारी.
उंचीचं बघा. कोपर टेबलवर टेकवून मूठ उभी करा, फुलं त्या मुठीच्या वर नको, नाहीतर समोरासमोर बसलेले व्याही एकमेकांशी फुलांतून डोकावून बोलतील.
पळसाच्या फांद्या तोडू नका प्लीज, सकाळी झाडाखाली सडा पडलेला असते तोच टोपलीत भरून आणा. पण पांढऱ्या टेबलक्लॉथवर नको, होळीचा रंग करतो आपण त्याचा, विसरू नका. आणि कंपाउंडची कण्हेर कितीही गुलाबी दिसली तरी टेबलवर अजिबात नाही, सगळं झाड विषारी आहे, लहान मुलं असतील ना घरी.

खसताटी
फुलांचं मला काही कळत नाही पण कूलर टेबलच्या कोणत्या बाजूला आहे ते कोणी विचारलंच नाही. थेट झोत लागला की कोणतंही फूल सुकते, आमच्या ऑफिसच्या फंक्शनमधे हेच झालं होतं. तोंड फिरवून ठेवा किंवा पाहुणे येईपर्यंत बंद ठेवा. केळी-आंबे पण फुलांजवळ नको, त्यातून वायू निघते त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात. संत्र्याचा तसा त्रास नाही.

वर्धारोडची_ताई
झालं एकदाचं केळवण!! सगळ्यांना थँक्यू. सासूबाईंची परात काढली, मधे पानांसकट नऊ संत्री, भोवती पिवळी शेवंती अन् बोगनवेल, दोन तांब्यांत कडुलिंब. फुलांचा खर्च चारशेच्या आत. जेवण लांबलं, साडेतीन वाजले तरी सगळं ताजं. कूलर बाल्कनीच्या दारात सरकवला तर सासरे कुरकुरले, पण फुलांची मान ताठ होती. मुलांनी संत्र्याच्या सालीत तेल टाकून मधल्या दोऱ्याचे दिवे पण लावले, दोन जळले, तिसरा काही केल्या जळेना.
आता कबुली. पळसाचं ऐकलं नाही मी. एका काचेच्या वाडग्यात घातला, इतका सुंदर दिसून राहिला होता की काय सांगू, अन् वाढताना जाऊबाईंचा हात लागून वाडगा आडवा. पांढऱ्या टेबलक्लॉथवर ताटाएवढा पिवळा-नारिंगी डाग पडला आहे. दोनदा धुतला, फिका झाला पण जाऊन नाही राहिला. काही उपाय?

प्रतापनगरची_आजी
दोन दिवस कडक उन्हात टाकून पाह्य, उन्हाची आपल्याकडे कमी नाही. तरी नाहीच गेला तर पुढच्या वेळेस परात बरोबर त्यावरच ठेवायची, कोणाले समजते.