मदत हवी आहे: धानातला सावा (धानासारखं दिसणारं गवत) औषध मारूनही मरत नाही

बांधीवाला (ता. नागभीड)
भाऊ लोक लवकर सांगा. धानात कचरा (तण) एवढा झाला का धानच दिसून नाही राह्यला. औषध मारलं तर थोडा वाळला पण सावा जसाच्या तसा उभा. निंदाले बाया भेटत नाही, सगळ्या रोवणीत गुंतल्या. दुकानदार म्हणते डबल डोस मार. मारू का?

झाडीचा शेतकरी
कोणतं औषध? रोवणीचा धान का आवत्या (फेकून पेरलेला)? बांधीत पाणी किती? हे सांगतल्याशिवाय काय सांगणार.

कोनोवाला
औषधाच्या नादी लागूच नका. कोनोवीडर (ओळीतून ढकलायचं निंदणीचं यंत्र) फिरवा, कचरा चिखलात गाडल्या जाते, फुटवेही चांगले येते. मी तेच करतो.

बांधीवाला
आवत्या आहे, पेरून महिना होत आला. औषध म्हणजे ती पुडी, एकराले 8 ग्रॅमवाली. पाणी घोट्याखाली.

झाडीचा शेतकरी
कोनोवाले भाऊ, आवत्यात ओळच नसते, वीडर चालवणार कुठून? बांधीवाले, ती पुडी मेटसल्फ्युरॉन अन् क्लोरीम्युरॉनची असन. ती रुंद पानाच्या कचऱ्यावर अन् मोथ्यावर चालते, साव्यावर नाही. डबल मारलं तर सावा राहीनच, धानाले मात्र शॉक बसन. असं औषध हाती देणाऱ्या दुकानदारानं आधी कचरा कोणता ते तरी इचारायचं होतं.

कोनोवाला
म्हणूनच ओळीत रोवणी करा म्हणतो.

मूलकर
रोवणीले पाणी लागते ना भाऊ. आमचा मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळानं भरला, पाऊस लांबला का आवत्याशिवाय इलाज नाही. आधी तलाव खोल करा म्हणा सरकारले.

साकोली
तुडतुड्यावर लक्ष ठेवा, धानाच्या बुडाशी पाहा, दिसला तर पाणी काढा.

झाडीचा शेतकरी
साकोलीवाले, इथं कचऱ्याचं चालू आहे.

बांधीवाला
मग साव्यावर चालणारं बिस्पायरीबॅक मारू का?

झाडीचा शेतकरी
सावा किती मोठा त्यावर आहे. 3-4 पानावर असन तर 10 टक्केवालं एकरी 80 मिली, पाणी काढून मारा, दोन-तीन दिवसांनी परत पाणी भरा. फुटवे फुटले असन तर पैसे वाया, हातानंच उपटा, लोंबी यायच्या आत, नाहीतर बी सांडून पुढच्या सालीही हाच सावा. ओळखाले पान खोडापासून जरासं ओढून पाहा, धानाच्या सांध्यावर पातळ पांढरी जिभली दिसते, साव्याले नसते. अन् कचरा निघेपर्यंत युरिया टाकू नका, तोच खाऊन घेईन.

बांधीवाला
आताच पाहून आलो, अर्ध्या बांधीत फुटवे आहे. उरलेल्या अर्ध्यात बारीक आहे, तिथं मारतो. बाकीचं घरचेच उपटू.