मदत हवी आहे: वापरलेली लुई व्हिटॉन स्पीडी घेतेय, फोटोंवरून खरी-खोटी कशी ठरवू?

नमस्कार मंडळी,

एका विक्रेतीकडे लुई व्हिटॉनची वापरलेली स्पीडी ३० (त्यांचं हँडबॅगचं एक मॉडेल) ऑनलाइन मिळतेय, मोनोग्राम कॅनव्हासची, म्हणजे एल-व्ही अक्षरांच्या नक्षीवाल्या कॅनव्हासची. पैसे अजून दिलेले नाहीत. रक्कम माझ्यासाठी मोठी आहे आणि बॅग हातात घेऊन बघायची सोय नाही, म्हणून जाणकारांना विचारतेय. नवीनच घ्या, असा सल्ला कृपया नको. मला जुनी, वापरून मऊ पडलेलीच हवी आहे. इतकी टिकाऊ वस्तू कुणाच्या कपाटात नुसती पडून राहण्यापेक्षा पुढे वापरात राहावी असं मनापासून वाटतं.

तिने दिलेली माहिती अशी: बॅग २०१२ ची, स्वतः ब्रँडच्या दुकानातून घेतलेली, अनेक वर्षं जवळजवळ रोज ऑफिसला नेलेली. सोबत डस्टबॅग (धूळ लागू नये म्हणून बॅग ठेवायची कापडी पिशवी), खोका, छोटं पितळी कुलूप आणि किल्ली. बिलाचा फोटोही पाठवलाय. बॅगेचे फोटो भरपूर आहेत, पण बहुतेक लांबून काढलेले.

माझ्यापुरता अभ्यास केलाय. आतल्या कप्प्याजवळच्या चामड्याच्या पट्टीवर डेट कोड आहे: एसपी ४११२. २००७ पासूनच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे २०१२ चा ४१ वा आठवडा. एसपी हा फ्रान्समधल्या कारखान्याचा कोड आणि शिक्क्यावरही मेड इन फ्रान्सच आहे. इथपर्यंत सगळं जुळतं.

पण दोन गोष्टी खटकतात. एक, बॅगेच्या एका बाजूला एल-व्ही ही अक्षरं चक्क उलटी आहेत. दोन, हँडलं. या बॅगेची हँडलं कच्च्या, रंग न दिलेल्या चामड्याची असतात, त्याला वाचेटा म्हणतात. ऊन, हात आणि हवा लागून ते हळूहळू मधासारखं गडद होत जातं. इथे कोपरे चांगले घासलेले दिसतात आणि हँडलं मात्र फिकट, जवळजवळ सायीच्या रंगाची! रोज हातात वागवलेली बॅग अशी कशी राहील?

नुसत्या फोटोंवरून खात्री करता येते का? आणि तिच्याकडून आणखी काय मागवू?

प्रतिसाद १

उलट्या अक्षरांची काळजी सोडा. क्लासिक मोनोग्राम स्पीडीचं अंग कॅनव्हासच्या एकाच अखंड तुकड्यातून येतं. तो तुकडा तळाखालून वळून दुसऱ्या बाजूला वर जातो, त्यामुळे एका बाजूची नक्षी उलटी येणारच. उलट दोन्हीकडे अक्षरं सुलटी असतील आणि तळाला जोडशिवण असेल, तर या मॉडेलबाबत मी आधी शंका घेईन.

डेट कोडवर मात्र फार विसंबू नका. तो सिरीयल नंबर नव्हे. त्या आठवड्यात त्या कारखान्यात बनलेल्या कितीतरी बॅगांवर तोच कोड असतो, आणि नक्कल करणारे खऱ्या बॅगेवरून तो बिनदिक्कत उतरवून घेतात. कोड चुकीचा असेल तर बॅग बाद करायला उपयोगी. समजा ६१७२ लिहिलंय. त्याचा आठवडा निघतो ६७ वा, आणि वर्षात इतके आठवडेच नसतात. पण कोड बरोबर आहे म्हणून बॅग अस्सल, असं होत नाही. आणि मार्च २०२१ पासून कंपनीने डेट कोड बंद करून बॅगेत चिप बसवायला सुरुवात केली, तेव्हा कुणी २०२३ ची म्हणून डेट कोडवाली बॅग दाखवली तर तिथूनच मागे फिरा.

प्रतिसाद २

ताई, हँडलांबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

फिकट हँडलांची तीन कारणं संभवतात. बॅग वापरलीच नसेल, पण मग कोपरे घासले नसते. चामडं वाचेटा नसून रंग दिलेलं किंवा कृत्रिम असेल, ते वर्षानुवर्षं आहे तसंच राहतं. किंवा हँडलं मधे कधीतरी बदलून घेतली असतील. ब्रँड स्वतः हे काम करून देतो, त्यामुळे तिसरं कारण अजिबात दुर्मीळ नाही.

हे ताडून बघायचं तर बाकीचं चामडं बघा. बाजूच्या शिवणीवरची किनार, चेनच्या टोकाची पट्टी. फक्त हँडलं बदलली असतील तर हे भाग जुनेच असणार आणि गडद झालेले असणार. सगळीकडे एकसारखा फिका रंग असेल तर हँडलं बदलल्याचं स्पष्टीकरण पुरं पडत नाही. उलट सगळीकडे एकसारखा गडद रंग असेल तरी सावध राहा. खरं चामडं कधीच एकसमान पिकत नाही. हात जिथे लागतो तिथे जास्त काळवंडतं, पाण्याचे थेंब पडले तिथे डाग राहतात, आतल्या बाजूची पट्टी उजेड न लागल्याने फिकी राहते.

तिला आधी काही सुचवू नका. "हँडलं बदलली का?" असं विचारलंत तर "हो" म्हणणं सोपं आहे. "हँडलांचा रंग असा का आहे?" एवढंच विचारा आणि ती आपणहून काय सांगते ते बघा.

प्रतिसाद ३

फोटो मागवताना जवळून आणि दिवसाच्या उजेडात मागवा. मला स्वतःला हे बघायला आवडेल: चामड्यावरचा शिक्का, हँडल जिथे बॅगेला जोडलंय ते चारही कोपरे, चेनच्या खेचणीच्या दोन्ही बाजू आणि आतलं अस्तर. मोनोग्राम स्पीडीचं अस्तर साधं तपकिरी कापडी असतं.

शिक्क्यात अक्षरांकडे नीट बघा. ओ अगदी गोल हवा, एलची आडवी रेघ आखूड, आणि व्हिटॉनमधले दोन टी एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. नकलेत ओ लंबगोल होतो किंवा शिक्का इतका खोल बसतो की कडा फाटल्यासारख्या दिसतात. शिवणीचा दोरा मोहरीच्या रंगाकडे झुकणारा पिवळा असतो, लिंबासारखा भडक नाही. चारही कोपऱ्यांचे टाके मोजा. संख्या आणि अंतर सगळीकडे सारखं हवं. मी कुठलीही बॅग बघताना आधी शिवणच बघते. लोगो हुबेहूब काढणं आता सोपं झालंय, पण एकसारखी शिवण घालायला वेळ लागतो आणि नक्कल करणाऱ्याला वेळच परवडत नाही.

प्रतिसाद ४

खोका, डस्टबॅग, बिल याला पुरावा समजू नका. हे सगळं वेगळं विकत मिळतं. कुलूप आणि किल्लीवरचा क्रमांक एकच असायला हवा, पण तो त्या जोडीपुरता असतो, बॅगेशी त्याचा संबंध नाही.

कार्डांच्या बाबतीत तर प्रत्येक ब्रँडची रीत वेगळी. शनेल बरीच वर्षं बॅगेच्या आत क्रमांकाचा स्टिकर लावत असे आणि सोबत तोच क्रमांक असलेलं कार्ड देत असे. २०२१ पासून त्याजागी चिप असलेली धातूची पट्टी आली. लुई व्हिटॉन आणि एर्मेस असं अस्सलपणाचं कार्ड देतच नाहीत. त्यामुळे एर्मेसच्या बर्किन बॅगेसोबत कुणी "ऑथेंटिसिटी कार्ड" देऊ केलं, तर ते कार्डच खोटेपणाचा पुरावा. एर्मेसचं वर्ष चामड्यावर उठवलेल्या अक्षरावरून कळतं. तिथेही तेच: अक्षर जुळणं ही फक्त पहिली पायरी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ मध्ये सांगितलं तसंच विचारलं. तिने लगेच कळवलं की हँडलांना चिरा पडल्या होत्या म्हणून ब्रँडकडूनच बदलून घेतली, आणि दुरुस्तीच्या कागदाचा फोटो पाठवला. नवे फोटोही आले, खिडकीजवळ काढलेले. बाजूची किनार चांगली गडद आहे, एका ठिकाणी पाण्याचा गोल डागही आहे. आतली कोडची पट्टी फिकी. शिक्क्यातले ओ गोल, अस्तर तपकिरी कापडी. चारही कोपऱ्यांचे टाके मी फोटो मोठा करून मोजले, सारखे आहेत.

दुरुस्तीच्या कागदाला किती वजन द्यावं?

प्रतिसाद २

खरेदीच्या बिलापेक्षा जास्त, कारण ब्रँड नकली बॅगेला हात लावत नाही. अर्थात कागदही बनवता येतो. पण कागद, फिकी हँडलं, गडद किनार आणि घासलेले कोपरे हे सगळं मिळून एकच हकीकत सांगतंय. मला हे चित्र बरं वाटतं.

प्रतिसाद ५

बॅग अस्सल असली तरी ती तिच्याच ताब्यात आहे का, हा प्रश्न उरतो. दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून विकणारे पुष्कळ आहेत. कागदावर आजची तारीख आणि तुम्ही सांगाल तो शब्द लिहून, तो बॅगेशेजारी ठेवून फोटो मागा. जुने फोटो इमेज सर्चमध्ये टाकून आणखी कुठे सापडतात का तेही बघा.

पैसे साइटच्या आतूनच द्या, शक्यतो क्रेडिट कार्डाने. वस्तू खोटी निघाली तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागण्याचा मार्ग खुला राहतो. थेट खात्यात पाठवा, थोडं स्वस्त देते, असं कुणी म्हणालं तर तो सौदा सोडा. पेपॅलमध्ये मित्र-नातेवाइकांसाठीच्या पर्यायाने पैसे पाठवले तर खरेदीदाराचं संरक्षण मिळत नाही, आणि असे लोक नेमका तोच पर्याय वापरायला सांगतात.

प्रतिसाद ६

पैसे देऊन तपासणी करून घ्या. फोटोंवरून लेखी निष्कर्ष देणाऱ्या सेवा आहेत आणि बॅगेच्या किमतीपुढे त्यांची फी किरकोळ असते. ब्रँडच्या दुकानात नेऊन विचारू, या आशेवर राहू नका. बाहेरून घेतलेल्या बॅगांना अस्सलपणाचा दाखला सहसा कुणी देत नाही.

आणि विक्रेता नावाजलेला आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने शनेलच्या खटल्यात व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड या जुन्या वस्तूंच्या प्रसिद्ध विक्रेत्याला ४० लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. इतक्या मोठ्या ठिकाणच्या मालावरून वाद होतो, तिथे आपण दोनदा तपासलं तर काय बिघडलं?

धागाकर्ती

तारखेच्या चिठ्ठीसकट फोटो आला. जुने फोटो इतर कुठेही सापडले नाहीत. लेखी तपासणी होईपर्यंत बॅग राखून ठेवायला ती तयार आहे आणि व्यवहार साइटवरूनच करूया असं तिनेच सुचवलं. फोटो तपासणीला पाठवतेय. बॅग हाती आल्यावर पहिल्या दिवशीच, परतीची मुदत असतानाच, काय काय तपासून घ्यावं हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, लेबलापासून सुरुवात करून. मग फोटोतला पाण्याचा डाग किनारीवर त्याच जागी आहे ना, ते सगळ्यात आधी बघा. दाखवायची एक आणि पाठवायची दुसरी, असा प्रकार त्या डागावरून लगेच पकडता येईल.