मदत हवी आहे : थर वाळवंटातल्या वाळूत जिम्नीच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरजवळच्या सम ते खुरी या पट्ट्यात, शक्य तितके डांबरी रस्ता सोडून वाळूतून जाण्याचा आमचा विचार आहे. गाडी मारुती जिम्नी, मॅन्युअल गिअरची असून टायर कंपनीचेच, १९५/८० आर १५ मापाचे आहेत. सोबत दुसरी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, फावडे, वाळूत चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, ओढण्याचा दोर आणि हवा भरायचा छोटा पंप असेल, विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचे, गाडीवर बसवलेले यंत्र) नाही. सीमेलगतच्या, परवानगी लागणाऱ्या भागात जायचे नाही.

गेल्या हिवाळ्यात सम येथे हवा १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे एकक) उतरवून, फोर-एलमध्ये (चारही चाकांना ताकद देणारी, कमी वेगाची व जास्त जोराची स्थिती) दुसऱ्या गिअरवर टेकडी चढण्याचा प्रयत्न केला होता. माथ्याच्या जेमतेम दहा फूट अलीकडे वेग मेला, मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो आणि मागची चाके अ‍ॅक्सलपर्यंत रुतली. ती चूक माझीच होती, हे आता कळते. वाळू उपसून, हवा १५ वर आणल्यावर गाडी उलटी, सरळ रेषेत खाली घेता आली.

म्हणून नेमके विचारायचे आहे ते असे : टायर रिमवरून निसटू न देता, दोन माणसे आणि सुमारे साठ किलो सामान असताना, याच टायरमध्ये हवा १२ पीएसआयपर्यंत उतरवणे सुरक्षित आहे का, आणि मऊ वाळूचा लांब चढ फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारी, नेहमीच्या वेगाची स्थिती) दुसऱ्या गिअरवर वेग घेऊन चढावा की फोर-एल तिसऱ्यावर?