घरच्या वस्तूंनी साफसफाई सुरू केली आणि कडप्प्याचा ओटा पांढरा पडला, कुठे चुकलं?

सिंहगडरोडची_आई

नमस्कार मंडळी. माझं बाळ १० महिन्यांचं आहे, रांगायला लागल्यापासून घरभर फिरतं, फरशीवर हात टेकवतं आणि लगेच तोच हात तोंडात. त्यामुळे गेल्या महिन्यात मी फिनेल, ओट्याचा स्प्रे आणि तो निळा टॉयलेट क्लीनर सगळं बंद करायचं ठरवलं, स्वयंपाकघरात जे असतं त्यातूनच साफसफाई करायची. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक कृती आली होती, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी आणि त्यात दोन चमचे खायचा सोडा, स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवायचं आणि सगळीकडे वापरायचं. करताना भरपूर फेस आला म्हणून मला वाटलं जबरदस्त काहीतरी तयार झालंय. पण त्याने तेलकटपणा अजिबात जात नाही, साध्या पाण्याने पुसल्यासारखंच वाटतं.

मग मी सोडा न घालता नुसतं व्हिनेगर आणि लिंबू ओट्यावर चोळलं, हळदीचे डाग होते म्हणून, आणि तसंच दहा-पंधरा मिनिटं ठेवलं. ओटा काळ्या कडप्प्याचा आहे. आता जिथे जिथे लिंबू लागलं तिथे पांढरट, खरखरीत ठिपके आलेत, धुतले की जात नाहीत, खोबरेल चोळलं की दोन दिवस दिसत नाहीत आणि परत वर येतात. घर भाड्याचं आहे त्यामुळे खूप टेन्शन आलंय. घरात कोटा फरशी, बाल्कनीत शहाबादी. बोअरचं पाणी असल्याने नळांवर पांढरा थर असतो तो वेगळाच. सासूबाई म्हणतात चिंच आणि राख याच्यापुढे काही नाही, पण चिंच पण आंबटच ना? नक्की कशाला काय वापरायचं ते कोणी नीट सांगाल का? बाळासाठी हे खरंच मनापासून करायचंय, अर्धवट सोडायचं नाहीये.

निवृत्त_रसायनवाला

ताई, ओट्याबद्दल आधी सांगतो कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. कडप्पा, कोटा आणि शहाबादी, हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि संगमरवरही त्याच कुळातला. आम्ल लागलं की हा दगड विरघळतो, शाळेच्या प्रयोगशाळेत खडूवर आम्ल टाकून बुडबुडे दाखवतात तेच तुमच्या ओट्यावर झालंय. म्हणजे ते पांढरे ठिपके हा डाग नाहीच, तिथला गुळगुळीत थर खाल्ला गेलाय, म्हणून कितीही धुतलं तरी जाणार नाही. दगड पॉलिश करणारा माणूस बोलवून तेवढा भाग घासून परत चकाकी आणता येते, हे काम सर्रास होतं, घाबरू नका. घरमालकाला आधीच सांगून टाका. पण इथून पुढे तुमच्या घरात ओट्यावर आणि फरशीवर व्हिनेगर नाही, लिंबू नाही, चिंच नाही, ताक सांडलं तरी लगेच पुसायचं.

आता त्या फेसाची गोष्ट. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोघं एकत्र आले की एकमेकांना संपवतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड, तो हवेत उडून जातो आणि बाटलीत राहतं सोडियम अॅसिटेट विरघळलेलं पाणी, त्यात ना आम्लाची ताकद ना सोड्याची. तुंबलेल्या मोरीच्या तोंडाशी तो फेस जरा मळ हलवतो, तेवढाच त्याचा उपयोग, आणि तोही ओतल्या ओतल्या. बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं तर गॅसने बाटली फुटू शकते, हे तुमच्या ग्रुपवर नक्की टाका.

पण जे रसायन ओट्याला मारतं तेच तुमच्या नळाला वाचवतं. बोअरच्या जड पाण्याचा जो पांढरा थर आहे तोही कॅल्शियम कार्बोनेटच असतो. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळा, वीस मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाचं क्रोम खराब होतं. खाली कोटा असेल तर थेंब पडू देऊ नका, टॉवेल पसरून ठेवा. व्हिनेगरचा वास आवडत नसेल तर किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणा, ग्लासभर गरम पाण्यात एक चमचा पुरे, इलेक्ट्रिक किटलीच्या तळाचा थरही यानेच निघतो.

आणि एक गोष्ट मात्र पाठ करा. घरात कपड्यांचं ब्लीच असेल तर त्याच्या आसपाससुद्धा व्हिनेगर, लिंबू किंवा संडासचं अॅसिड नेऊ नका. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. बाटलीवर नैसर्गिक लिहिलंय का केमिकल लिहिलंय, याने फुफ्फुसाला काही फरक पडत नाही.

रत्नागिरीची_काकू

अगो, सासूबाई म्हणतात ते खोटं नाही, पण ते भांड्यांसाठी, ओट्यासाठी नव्हे. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने घासतात, सोलकढी करून झाली की उरलेली आमसुलं फेकायची नाहीत, चिमूटभर मीठ लावून त्यानेच तांब्या घासायचा, एका हातात चकचकीत. चिंचेचंही तेच. पण घासून झाल्यावर लगेच खळखळून धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं, ओलं ठेवलंस तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग. आणि समई घासताना बायका एक चूक करतात, थेट चिंच लावतात आणि मग म्हणतात निघत नाही. तेलाचा थर असतो ना वर, त्याच्यातून आंबट आत जातच नाही. आधी डाळीचं पीठ किंवा शिकेकाईची पूड कोरडीच चोळायची, ती तेल ओढून घेते, ते पुसून गरम पाण्याने धुवायचं आणि मग चिंच. दिवाळीत तळणाच्या कढया मी अजून अशाच करते, आधी पीठ, नंतर घासणी. घासणी पण वाळलेल्या घोसाळ्याची, परसात एक वेल लाव म्हणजे वर्षभराची सोय, फ्लॅटमध्ये असशील तर कुंडीतही चढतो ग्रीलवर.

साबणाला रिठा. पंधरा-वीस रिठे घे, बिया काढून टाक, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाल, सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळ, गार झालं की कुस्करून गाळ. भांडी, लोकर, रेशमी साड्या, दागिने सगळ्याला चालतं, माझ्या लग्नातला शालू मी आजवर रिठ्यातच धुतलाय. जड पाण्यात साबणाचा साका येतो तसा याचा येत नाही. पण हे टिकत नाही हो, बाहेर दोन-तीन दिवसांत वास येतो, फ्रीजमध्ये आठवडा, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेव आणि लागतील तशा वड्या काढ. पांढऱ्या कपड्यांना नको, किंचित पिवळट छटा येते.

कुकर आतून काळा पडत असेल तर तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाकत जा. ही गोष्ट आईने सांगितलेली, अॅल्युमिनियमच्या कुकरला पन्नास वर्षं करतेय.

निवृत्त_रसायनवाला

काकूंचं सगळं बरोबर आहे आणि समईचं तर फारच नेमकं सांगितलंत. फक्त एक भर घालतो, रिठ्याचं पाणीही किंचित आंबट बाजूचं असतं, म्हणून रोज फरशी पुसायला कोटावर ते नको. कोटासाठी कोमट पाणी आणि त्यात भांड्यांच्या साध्या सौम्य साबणाचे चार थेंब, मग एकदा नुसत्या पाण्याने पुसणे. बाळ रांगणाऱ्या फरशीला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही, मळ निघाला की बरेचसे जंतू त्याच्याबरोबर जातात.

ओट्यावरच्या तेलाला खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट चालेल. हळदीवर मात्र सोडा लागला की डाग लाल होतो, घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होते. कपड्यावरची हळद साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, ऊन तिला उडवतं. बाळाच्या लाळेऱ्यांसाठी हे लक्षात ठेवा. आणि अॅल्युमिनियमच्या कढईला कुठलाच सोडा लावू नका, काळी पडते.

साल_गूळ_पाणी

मी नाशिकचा, दोन वर्षं घरी बायो एन्झाइम करतोय, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. प्रमाण १ : ३ : १०, म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम संत्री-मोसंबी-लिंबाची सालं आणि १ लिटर पाणी. थायलंडच्या रोसुकॉन पूमपानवाँग यांनी हे लोकांपर्यंत नेलं, आता आपल्याकडे गल्लोगल्ली लोक करतात. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको, आणि वर जागा सोडा कारण पहिला महिना खूप गॅस होतो. मी पहिल्यांदा गावाला गेलो आणि चार दिवस झाकण उघडायचं राहिलं, परत आलो तर बाटली फुगून टम्म, उघडताना अर्धं सिलिंगला. पहिल्या महिन्यात रोज एकदा झाकण सैल करायचं, नंतर आठवड्यातून एकदा, तीन महिन्यांनी गाळायचं. बरणीवर तारीख लिहून चिकटवा, नाहीतर कुठली कधीची ते कळत नाही. आतून आधी थोडं अल्कोहोल आणि मग व्हिनेगरसारखं आम्ल तयार होतं, म्हणजे वरचे सर म्हणतात तो नियम इथे पण लागू, कोटा, कडप्पा, संगमरवर यांना नाही. सिरॅमिकच्या टाइल्स, बेसिन, संडासचं भांडं याला मी पाणी घालून वापरतो आणि मोरीला तसंच ओततो. राहिलेला चोथा कंपोस्टमध्ये जातो. लोक याने सगळे जंतू मरतात वगैरे सांगतात, मी तसं म्हणणार नाही, पण वास जातो आणि टाइल्स चिकट राहत नाहीत हे स्वतः बघितलंय.

सिंहगडरोडची_आई

बापरे किती छान माहिती, मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं की कडप्पा म्हणजे चुनखडी. एक शंका, रिठ्याचं पाणी बाळाच्या तोंडात गेलं तर? आणि ओल्या कपाटात मी डांबर गोळ्यांऐवजी कापूर ठेवलाय, तो नैसर्गिक म्हणून. मध्ये बाळाला जुलाब झाले होते तेव्हा काय वापरायचं तेही कळलं नाही, म्हणून नुसतं व्हिनेगरच मारत होते.

वॉर्डातली_ताई

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून लिहितेय, आणि कापराचं आधी. कापूर आजच्या आज वर, कुलपात ठेव. लहान मुलाने थोडासा जरी खाल्ला तरी झटके येऊ शकतात, देवघरातली डबी पण खालच्या कप्प्यात नको. डांबर गोळ्याही नकोतच, त्यातल्या नॅप्थॅलीनने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात. कपाट ओलं असेल तर उन्हाचे दिवस बघून पूर्ण रिकामं करून वाळव, कडुलिंबाचा वाळलेला पाला पुडीत बांधून ठेव, पण पुडी हाताला लागणार नाही अशी.

रिठा कडू असतो, बाळ सहसा थुंकेल, पण पोटात गेला तर उलटी-जुलाब होतात आणि डोळ्यात गेला तर खूप झोंबतो. म्हणजे रिठ्याची बाटली पण साबणाच्या बाटलीसारखीच वर ठेवायची, झाकण घट्ट, नाव लिहून, आणि सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीच नाही. आमच्याकडे मुलं येतात ती बहुतेक वेळा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीतरी भरून ठेवलेलं पिऊन येतात. घरचं केलेलं आहे म्हणून आई निर्धास्त असते, ते मला फार वाईट वाटतं.

जुलाब-उलटीच्या वेळी व्हिनेगरवर भरवसा नको. साबणाने हात धुणं सगळ्यात मोठं. जिथे घाण झाली ती जागा आधी साबणाने धुवून मग ब्लीच बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून, दहा मिनिटं ठेवून, स्वच्छ पाण्याने पुसून घ्यायची, खिडक्या उघड्या, बाळ दुसऱ्या खोलीत. त्या दिवशी आंबट काही जवळ नको. एवढे चार दिवस ब्लीच वापरलंस म्हणून तू नियम मोडलास असं अजिबात वाटून घेऊ नको.

लंडनकर

इथे लंडनला पाणी इतकं जड आहे की किटली महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाने उकळावीच लागते, वर सरांनी लिहिलंय ते रोजच्या अनुभवाचं आहे. शेगडीच्या जाळ्या आणि चिमणीवरचं चिकट तेल खायच्या सोड्याने निघत नाही, त्याला धुण्याचा सोडा लागतो, गरम पाण्यात, हातमोजे घालून. तो नसेल तर खायचा सोडा ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये २०० डिग्रीला तासभर ठेवला की त्याचाच धुण्याचा सोडा होतो. पण चिमणीची जाळी अॅल्युमिनियमची असेल तर हे करू नका, नुसता गरम साबण. घरात मांजर असेल तर टी ट्री किंवा संत्र्याचं तेल कशातच टाकू नका, मांजरांना ते बाधतं.

सिंहगडरोडची_आई

आठ दिवसांनी लिहितेय. कापूर त्याच दिवशी देवघराच्या वरच्या फळीवर कुलूपबंद केला. घरमालकीण काकूंना फोन करून सगळं खरं सांगितलं, त्या म्हणाल्या त्यांच्या स्वतःच्या ओट्याला पण असेच ठिपके आहेत, दहीभाताच्या पातेल्याखालचे, आणि इतकी वर्षं त्यांना वाटायचं दगडच वाईट निघाला. पॉलिशवाला रविवारी येतोय, दोन्ही ओटे एकदमच करून घेणार. नळ चकचकीत झालेत, खाली टॉवेल अंथरला होता. सासूबाईंनी परवा समई घासली, मी आधी डाळीचं पीठ लावून दिलं तर त्या म्हणाल्या हे माझी आई पण करायची, मीच विसरले होते. साल_गूळ_पाणी दादा, मोसंबीची सालं जमवायला सुरुवात केलीये, ३०० ग्रॅम व्हायला अजून दोन दिवस लागतील. ती फ्रीजमध्ये ठेवली तर चालतील ना?

साल_गूळ_पाणी

चालतील, फ्रीझरमध्ये ठेवलीत तर आणखी बरं. बुरशी आलेली मात्र एकही घेऊ नका.