मदत हवी आहे : साठीपुढच्या बायकांची स्तन तपासणी, तालुकावार तुलना कशी करायची?

पाटण, जावळी, जत, आटपाडीकडच्या सीएचओ (उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर आणि आशाताईंना विचारायचंय. तपासणीचा टक्का तालुकावार मांडताना छेद काय धरता, म्हणजे एकूण कोणत्या बायकांपैकी टक्का काढता?

कर्करोग तपासणीच्या सरकारी मार्गदर्शिकेत वयोगट ३० ते ६५, दर ५ वर्षांनी हाताने तपासणी. म्हणजे ६६ वर्षांची आजी हिशेबातूनच बाहेर. खरं तर मुंबईतल्या टाटा मेमोरियलच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताने केलेल्या तपासणीचा मृत्यू टाळण्यातला फायदा पन्नाशीपुढच्या बायकांतच ठळक दिसला, सुमारे ३० टक्के. त्यात नेमकी जन्मतारीख माहीत नसल्याने अनेकींच्या आधारवर १ जानेवारी! अशा नोंदींना वयाचे ५ वर्षांचे गट पाडून उपयोग नाही, १० वर्षांचे पाडावेत असं वाटतं. पटतं का?

दुसरं, जतकडच्या बायका ऊसतोडीला गेल्या की यादीत नाव राहतं, माणूस नसतं. दिवाळी ते होळी हे महिने वेगळे काढता का?

सीबॅक फॉर्म (आशाताई घरोघरी भरतात ती आजाराच्या धोक्याची प्रश्नावली) भरतानाची अडचण सगळ्यात मोठी. उंबऱ्यात, सुनेदेखत "छातीत गाठ आहे का?" विचारलं की "मला काय धाड भरलीय?" हेच उत्तर. फॉर्मवर 'नाही', आणि तो 'नाही' पुढे 'तपासणी झाली' म्हणून मोजला जातो. विचारणं आणि तपासणं यांचे रकाने वेगळे कुणी ठेवलेत का? झोपवून, काखेसकट दोन्ही बाजू तपासल्या तरच 'झाली' धरायचं, असा नमुना तक्ता असेल तर कृपया टाका.